रविवार धड झोपेत नाही, धड कामात नाही

पत्र : मी ३० वर्षांचा. डोंबिवलीत आईबाबांबरोबर राहतो, लोअर परळला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. सोमवार ते शुक्रवार सहाला उठतो, रात्री साडेआठला घरी येतो, झोपायला बारा वाजतात. शनिवार-रविवार सुट्टी असते. सोबत दूरशिक्षणातून एम.कॉम. चालू आहे. दर शनिवारी रात्री रविवारचं वेळापत्रक लिहितो : साडेपाचला उठून धावणं, चार तास अभ्यास, कपाट आवरणं, बँकेचं काम, बाईक धुणं, अशी तेरा-चौदा कामं. प्रत्यक्षात शुक्रवारी आणि शनिवारी झोपायला अडीच होतात, उठतो साडेदहाला. रविवारी मटण-भात खाऊन अडीच ते साडेपाच झोप, उरलेला वेळ फोन. संध्याकाळी सात वाजले की पोटात गोळा येतो आणि रात्री एकपर्यंत डोळा लागत नाही. आई म्हणते, आळशी झालास. माझ्यात शिस्त कमी आहे, की मला खरंच आरामाची गरज आहे? सांगाल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर :

तुम्हाला आरामाची गरज आहे. पण रविवारी तुम्ही जे करता त्यात आराम फार थोडा आहे. साडेदहा ते अडीच आणि साडेपाच ते अकरा या वेळात तुम्ही काम करत नाही आणि काम न केल्याची टोचणी घेऊन फोन हातात धरून पडलेले असता. रविवार गिळतो तो हा मधला प्रकार. झोपेला त्याचा दोष देऊ नका. त्यामुळे शिस्त वाढवायची की आराम, या प्रश्नात अडकण्यापेक्षा दोघांनाही आपापली जागा आणि आपापला शेवट देता येतो का, ते पाहू.

आधी झोपेचा हिशोब करू. तुम्ही अकाउंट्समधले आहात, तो तुम्हाला पटेल. आठवड्यात तुम्ही बारा ते सहा, म्हणजे सहा तास झोपता. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात, बहुतेकांना साडेसात-आठ. साडेसात धरले तरी पाच रात्रींत साडेसात तासांची उधारी होते. ती फेडायला सुट्टीच्या दोन रात्री अडीच ते साडेदहा झोपता, म्हणजे किती? आठ तास. साडेदहाला उठल्यामुळे तुम्हाला आणि आईला वाटतं की खूप झोप झाली, पण मिळाली आठच तासांची, तीही भलत्या वेळी.

त्या भलत्या वेळेची किंमत वेगळी मोजावी लागते. आठवड्यात तुमच्या झोपेचा मध्य पहाटे तीनला येतो, सुट्टीत साडेसहाला. फरक साडेतीन तासांचा. भारत आणि दक्षिण आफ्रिकेच्या घड्याळांतही बरोबर साडेतीन तासांचंच अंतर आहे. म्हणजे शरीराच्या दृष्टीने तुम्ही दर शुक्रवारी रात्री जोहान्सबर्गला जाता आणि रविवारी रात्री परत येता, तेही सोमवारची लोकल पकडायला. जर्मन संशोधक टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या प्रकाराला ‘सोशल जेटलॅग’ असं नाव दिलं. यात जाणं सोपं आणि येणं अवघड असतं, कारण माणसाचं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा थोडं लांब चालतं. उशिराकडे ते आपोआप घसरतं. लवकरकडे मात्र ओढून आणावं लागतं.

त्यात दुपारची झोप. साडेपाचला उठून साडेअकराला अंथरुणावर पडलात तर जागेपणी फक्त सहा तास गेलेले असतात. जागं असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यातून झोपेची ओढ तयार होते. सहा तासांत ती पुरेशी साठतच नाही. त्यामुळे एकपर्यंत डोळा न लागणं हे निव्वळ गणित आहे, त्याचं सगळं खापर सोमवारच्या काळजीवर फोडू नका. पोटातला गोळा सोमवारचा असेल, पण जागरण तुम्ही दुपारी अडीचलाच बुक केलेलं असतं.

तेव्हा पहिली दुरुस्ती उठण्याच्या वेळेत. शनिवारी आठ, रविवारी साडेसात. साडेपाच अजिबात नको. आठवडाभर अपुरी झोप घेतलेल्या माणसाने सुट्टीच्या दिवशी रोजच्यापेक्षा लवकर उठायचं ठरवणं हा स्वतःवर काढलेला राग आहे, त्याला शिस्त म्हणू नये. शुक्रवारी पावणेबाराला आणि शनिवारी साडेअकराला झोपलात तर सव्वाआठ आणि आठ तास मिळतात. झोप आताएवढीच, पण मध्य तीनपासून तासाभराच्या आत राहतो. रविवारी रात्री अकराला पडायचं. आठवड्यातली झोपायची वेळ दर आठवड्याला १५ मिनिटं अलीकडे आणा आणि साडेअकरावर थांबा. एवढ्यानेच पाच रात्रींत अडीच तास परत मिळतात. सुट्टीत कितीही लोळलात तरी इतकी वसुली होत नाही.

शुक्रवारी अडीच का वाजतात? आठवडाभराचा एकही तास स्वतःचा नसतो, म्हणून त्या रात्री तो ओरबाडून घेतला जातो. ती भूक खरी आहे, ती दाबू नका. फक्त तिला शेवट असलेलं काहीतरी द्या. सव्वानऊला सुरू केलेला सिनेमा साडेअकराला संपतो, पत्त्यांचा डाव संपतो, मॅच संपते. रील्स संपत नाहीत, त्यांची रचनाच तशी केलेली आहे. आणि मित्रांबरोबर जागायचंच असेल तर शुक्रवारी जागा, शनिवारी नको. शुक्रवारच्या जागरणानंतर सोमवारआधी सावरायला दोन रात्री मिळतात, शनिवारनंतर एकच. जागरण झालं तरी उठायची वेळ साडेआठच्या पुढे नेऊ नका, झोप दुपारी थोडी भरून काढता येते.

उठल्यावर अर्ध्या तासात घराबाहेर पडा. आतलं घड्याळ लवकरकडे ओढणारी सगळ्यात जोरकस दोरी म्हणजे सकाळचा उजेड. घरातल्या दिव्यांचा उजेड २००-३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. बाहेर पावसाळी मळभ असलं तरी तो हजारांत जातो. वीस-तीस मिनिटं पुरतात. यासाठी धावायलाच हवं असं नाही. मटणाच्या दुकानासमोरच्या रांगेतही तोच उजेड मिळतो. ते काम तुमच्याकडे घ्या, साडेसातला उठून आठला रांगेत. आईचं एक काम कमी होईल, तुमचं चालणं होईल आणि मटण लवकर शिजायला पडल्यामुळे जेवण एकलाच होईल.

आईचा विषय निघालाच आहे तर सांगतो : तुमच्या रविवारच्या आरामाचा बराचसा भाग तिच्या रविवारच्या कामावर उभा आहे. मटण आणणं आणि दुपारची भांडी या दोन गोष्टी पूर्णपणे तुमच्या झाल्या, तर ‘आळशी’ हा शब्द न भांडता कमी होईल. दुपारी तुम्ही आडवे झालात की तिला काही वाटणारही नाही.

रविवारची सुट्टी ही आळशी माणसांची सोय नाही, हे तिला सांगायलाही हरकत नाही. मुंबईच्या गिरण्यांमधल्या कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागणी १८८४ पासून लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. तुमचं ऑफिस ज्या लोअर परळला आहे तो गिरण्यांचाच भाग. मिळवायला सहा वर्षं लागलेला दिवस अपराधी वाटत काढू नये.

आता दुपार. जेवणानंतर सुस्ती येते ती फक्त मटणामुळे नाही. दुपारी एक ते तीनच्या सुमारास शरीराच्या घड्याळातच एक उतार असतो, भरपेट जेवण त्याला ढकलतं एवढंच. आपल्याकडची वामकुक्षी त्या उतारासाठी अगदी बेताची आहे, शब्दाचा अर्थ लक्षात घेतला तर. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. डाव्या कुशीवर थोडा वेळ आडवं व्हायचं. या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खालच्या बाजूला राहतं, त्यामुळे तिखट रश्श्यानंतर आंबट वर येणं कमी होतं. दुपारच्या गाढ झोपेची मुभा आयुर्वेदानेही सर्वसाधारणपणे ग्रीष्मातच दिली आहे, बाराही महिने नाही.

करायचं असं : एकला जेवण, मग भांडी, दीडच्या सुमारास अर्धा कप चहा आणि लगेच २५ मिनिटांचा गजर लावून आडवं व्हायचं. चहा झोपेआधी हे विचित्र वाटेल, पण चहातल्या कॅफिनचा परिणाम जाणवायला २०-३० मिनिटं लागतात, म्हणजे उठायच्या वेळी तो मदतीला येतो. खोलीत पडदे ओढून, पंखा पाचवर ठेवून, चादर घेऊन पलंगावर झोपू नका. बाहेरच्या खोलीत चटईवर पडा. अर्ध्या तासाच्या पुढे गेलात की गाढ झोप लागते आणि त्यातून उठल्यावर डोकं जड होतं, चिडचिड होते, ‘अजून झोपावं’ असं वाटतं. साडेपाचला उठल्यावर तुम्हाला येणारा तो बधिरपणा हाच. तो थकवा समजून लोक पुन्हा आडवे होतात. आधीच्या रात्री जागरण झालं असेल तर तासभर चालेल, पण तीननंतर नको. आणि चहाचा शेवटचा कप पाचच्या आत. कॅफिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री बारालाही तुमच्याबरोबर जागं असतं.

आता वेळापत्रक. ते फाडून टाका म्हणण्याआधी एकदा नीट वाचू, कारण त्यात एक गंमत आहे. रविवारी बँका बंद असतात. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीही असतात. म्हणजे ते काम त्या कागदावर असण्याला अर्थच नव्हता, तरी ते दर आठवड्याला लिहिलं जात होतं. हा कागद काम करण्यासाठी लिहिलेलाच नाही. शनिवारी रात्री तो लिहिताना आपण सुधारलो असं वाटतं, तेवढ्यापुरताच त्याचा उपयोग. आणि त्यातली पहिली ओळ साडेपाचची असल्यामुळे झोपेतच तो मोडतो. मग पुढचं सगळं उपास मोडल्यासारखं होतं : मोडलाच आहे तर मग वडापाव काय नि मिसळ काय.

त्याऐवजी दोन दिवसांची अदलाबदल करा. बहुतेक जण शनिवारी सैल सोडतात आणि कामं रविवारवर ढकलतात. त्यामुळे रविवारची संध्याकाळ उरलेल्या कामांची आणि सोमवारच्या भीतीची, दोन्हींची होते. कामं शनिवारी सकाळी संपवा. नऊ ते बारा हे तीन तास. त्यात अभ्यासाची ५० मिनिटांची एक बैठक, दळण-इस्त्री-बँक यातलं जे असेल ते बाहेरचं काम, आणि घरातलं फक्त एक काम. ‘कपाट आवरणं’ असं लिहू नका, ‘कपाटाचा वरचा कप्पा’ लिहा. अख्खं कपाट बाहेर काढलं की दुपारी कपडे पलंगावर आणि तुम्ही त्यांच्या कडेला फोन घेऊन, हे ठरलेलं. बाईक महिन्यातून एकदा धुतली तरी चालते. दादरला वगैरे काही काम असेल तर तेही शनिवारीच उरका, रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला की दोन तासांच्या कामाला पाच तास जातात.

रविवारी बंधन फक्त दोन गोष्टींचं : सकाळची ५० मिनिटं अभ्यास आणि संध्याकाळची ४५ मिनिटं सोमवारची तयारी. मधे काहीही करा किंवा करू नका.

अभ्यासाचे चार तास एकदम ५० मिनिटांवर आणल्याने जीव कासावीस होईल. पण आजवर त्या चार तासांपैकी खरे किती झाले? शनिवार-रविवारच्या दोन बैठका मिळून एक तास चाळीस मिनिटं होतात आणि मधे एक रात्र गेल्यामुळे दुसऱ्या दिवशी आधीचं आठवायला लागतं. तो ताणच लक्षात ठेवायला मदत करतो. सलग कोंबलेलं तितकं टिकत नाही. शनिवारी कॉस्टिंगची गणितं घ्या, कागद-पेन घेऊन, उत्तरं झाकून. रविवारी त्यातलंच एक गणित न बघता पुन्हा सोडवा आणि मग थिअरी वाचा. परीक्षेच्या आधी सहा आठवडे शनिवारी दुपारी चार ते पाच अशी तिसरी बैठक जोडा. आत्ता नको.

बैठक सुरू होणं हीच खरी अडचण असते. त्यासाठी आदल्या रात्री टेबलावर पुस्तक त्या पानावर उघडून ठेवा, वर वही आणि पेन, वहीत गणिताचा क्रमांक लिहिलेला. सकाळी काय करायचं ते ठरवायला लागता कामा नये, कारण ठरवतानाच हात फोनकडे जातो. वेळेपेक्षा एखाद्या घटनेला बांधा : ‘चहाचा कप विसळून ठेवला की टेबलाशी बसायचं.’ पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात मांडलेली ही ‘अमुक झालं की तमुक’ पद्धत नुसत्या निश्चयापेक्षा जास्त टिकते, असं नंतरच्या कितीतरी प्रयोगांत दिसलं आहे. पाहुणे आले, नऊची बैठक हुकली, तर त्याचंही आधीच ठरवून ठेवा : ‘नऊला बसता आलं नाही तर चारला बसायचं, पण २५ मिनिटंच.’ चारलाही जमलं नाही तर त्या रविवारपुरतं सोडून द्या, पुढच्या आठवड्यात दुप्पट करायचं नाही. सवयींवरच्या २०१० च्या एका अभ्यासात रोजची साधी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तुमची सवय तर आठवड्यातून दोनदाच गिरवली जाणार, तेव्हा तीन रविवारांत निकाल मागू नका.

फोनचं काय? सकाळच्या बैठकीत आणि वामकुक्षीत तो स्वयंपाकघरात चार्जिंगला. टायमर लावायचे ॲप उपयोगी असतात, पण स्वतःच लावलेली मर्यादा स्वतःच वाढवता येते आणि आपण ती वाढवतो. त्यापेक्षा शुक्रवारी रात्री रील्सचं ॲप काढून टाका आणि सोमवारी दुपारी हवं तर परत घ्या. पासवर्ड पुन्हा टाकायचा कंटाळा हा उत्तम पहारेकरी आहे.

मग मोकळ्या वेळात काय, हे विचाराल. सबिने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ मध्ये कामाच्या शिणातून सावरायला मदत करणाऱ्या चार गोष्टी वेगळ्या केल्या : मन कामातून सुटणं, अंग सैल पडणं, काहीतरी नवं जमल्याचं समाधान आणि आपल्या वेळेवर आपला ताबा. लोळण्यात दुसरी मिळते, तिसरी आणि चौथी मिळत नाही. म्हणून दिवसभर पडूनही ताजं वाटत नाही. मित्राबरोबर कॅरम, बाबांबरोबर बाजार, एखादी नवी भाजी करून बघणं, पोहणं, यांतलं काहीही चालेल. ते उपयोगाचं असलंच पाहिजे असा नियम लावू नका.

संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा सोमवारची तयारी. दोन दिवसांच्या कपड्यांना इस्त्री, बॅग, रेल्वेचा पास कधी संपतोय ते बघणं, डब्याचं काय ते आईशी ठरवणं. मटकी शनिवारी रात्री भिजत घातलीत आणि रविवारी सकाळी फडक्यात बांधलीत तर सोमवारी पहाटे मोड आलेले असतात. हिवाळ्यात वेळ जास्त लागतो, तेव्हा सकाळऐवजी शनिवारी दुपारीच भिजत घाला आणि रात्री बांधा. ही तयारी रात्री दहाला केली तर पोटातला गोळा वाढतो, साडेपाचला केली तर सातच्या ठोक्याला करण्यासारखं काही उरत नाही. सव्वासहानंतर बाहेर पडा, कुठेही. रात्री अंथरुणावर जाण्याआधी पाच मिनिटं कागदावर (फोनवर नको) सोमवारी करायच्या कामांची यादी लिहा, जितकी नेमकी तितकी बरी. २०१८ च्या एका प्रयोगात अशी यादी लिहिणाऱ्यांना झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली होती. नऊ मिनिटं ऐकायला कमी वाटतात. रविवारी रात्री ती बरीच असतात.

हे सगळं सहा-आठ आठवडे करूनही आठ तासांच्या झोपेनंतर अंग जड राहत असेल, झोपेत घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि ब१२ तपासून घ्यायला सांगतील, गरज पडली तर झोपेची तपासणीही. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, आवडती गोष्टही नकोशी होत असेल, तर सहा-आठ आठवडे थांबायचंही कारण नाही. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

या आठवड्यात सगळं एकदम सुरू करू नका. शुक्रवारी फक्त गजर बदला. साडेपाचचा काढून टाका, शनिवारी आठ आणि रविवारी साडेसात लावा. फोन रात्रीही स्वयंपाकघरातच राहणार असेल तर दीडशे-दोनशे रुपयांचं सेलवर चालणारं गजराचं घड्याळ आणा आणि ते उशाशी न ठेवता कपाटावर ठेवा, म्हणजे बंद करायला उठावंच लागेल. अभ्यासाची बैठक पुढच्या आठवड्यापासून.